एका पायाची दौड

आपल्या सिहोरा-तुमसर भागात कर्करोगाचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही. ‘मोठा आजार निघाला म्हणे’, एवढे बोलायचे आणि लगेच धानाच्या भावावर यायचे, अशी आपली रीत. अशा गावात कोणी सांगितले की, या आजारासाठी लोक रस्त्याने पळतात आणि पळून लाखो रुपये जमवतात, तर पारावरची म्हातारी माणसे हसतील. पळून का कुठे रोग बरा होतो? आणि दुसऱ्याच्या पळण्याला आपण पैसे का द्यावेत?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कॅनडा देशातल्या एका पोराच्या हकिकतीत सापडते.

टेरी फॉक्स त्याचे नाव. जन्म १९५८ चा. अंगाने फार उंच नाही, पण बास्केटबॉलच्या खेळाचे वेड भारी. १९७६ च्या अखेरीस त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. खेळाचा हंगाम चालू होता म्हणून त्याने दुखणे अंगावर काढले. रोवणी आटोपू दे, मग दवाखान्यात जाऊ, असे आपण म्हणतो ना, अगदी तसेच. मार्च १९७७ मध्ये चालणेही कठीण झाले तेव्हा डॉक्टरांनी पाहिले. हाडाचा कर्करोग निघाला. गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. पोराचे वय तेव्हा अठरा.

डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या मनात रुतून बसली. ते म्हणाले की तुझी वाचण्याची आशा शंभरात पन्नास आहे. दोनच वर्षांपूर्वी हीच आशा शंभरात पंधरा होती. म्हणजे मधल्या दोन वर्षांत कुठेतरी कोणी संशोधन केले, नवी औषधे तपासून पाहिली, आणि त्यामुळे आपल्या वाट्याला हे जिणे आले, हे त्या पोराला उमगले. दवाखान्यात शेजारच्या खाटांवर लहान लेकरे विव्हळताना त्याने पाहिली होती. त्यांच्यासाठी काही करायचे तर संशोधनाला पैसा हवा, आणि पैसा मागायचा तर लोकांनी ऐकले पाहिजे. एका पायाचा माणूस सारा देश पळत ओलांडू लागला तर लोक नक्की ऐकतील, असा त्याचा हिशेब.

वर्षाहून अधिक काळ त्याने सराव केला. १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकाला, समुद्रात आपला कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. त्या काळचा तो पाय चालण्यापुरता केलेला, पळण्यासाठी नव्हे. चांगल्या पायावर दोनदा उडी आणि मग कृत्रिम पायाचे एक पाऊल, अशी त्याची चाल. पाय जिथे बसवलेला तिथली कातडी सोलून निघे, रक्त येई. तरी रोज सुमारे ४२ किलोमीटर! मागून त्याचा मित्र गाडी चालवीत येई. सुरुवातीला रस्त्यावर कोणी ओळखतही नव्हते. मग पोर्ट ओ बास्क नावाचे दहा हजार वस्तीचे एक गाव लागले. त्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. माणशी एक डॉलर! तेथून त्याची मागणी पक्की झाली. देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास. प्रत्येकाने एकच डॉलर द्यावा. श्रीमंतांनी जास्त, गरिबांनी कमी, असे काही नाही.

१ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवसांनंतर, त्याला थांबावे लागले. छातीत दुखू लागले होते. आजार फुप्फुसांत पोचला होता. तोवर तो ५,३७३ किलोमीटर पळाला होता. वाचकहो, सिहोऱ्याहून मुंबईला पायी जाऊन परत यावे आणि असे तीनदा करावे, जवळपास तेवढे हे अंतर. तो थांबला, पण वर्गणी थांबली नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर गेली. माणशी एक डॉलर पुरा झाला होता. २८ जून १९८१ रोजी टेरी गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्याच सप्टेंबरपासून त्याच्या नावाने दरवर्षी दौड निघू लागली. आता ती अनेक देशांत निघते, आणि आजवर ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी तिच्या नावे जमला आहे. आपल्या मुंबईतही ही दौड झाली असून तिचा पैसा टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनाकडे गेला आहे.

या दौडीची एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो आणि बक्षीसही नसते. पळा, चाला, लेकराला कडेवर घेऊन या, काठी टेकीत या. ही टेरीचीच इच्छा होती. बक्षीस आले की पैलवान येतात आणि बाकीचे गाव कडेला उभे राहून पाहते.

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीत ती होते. अनेक सेवाभावी संस्था तिच्यात आपले लोक उतरवतात आणि हे लोक ओळखीपाळखीच्यांकडून देणगी गोळा करतात. गरीब रुग्णांना औषधपाण्याची मदत करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ सालची संस्था आणि १९५१ ची इंडियन कॅन्सर सोसायटी यांनाही या मार्गाने मदत मिळते. २०१२ मध्ये मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी खास महिलांसाठी ‘पिंकेथॉन’ सुरू केली. बायांनी स्तनाच्या कर्करोगाबद्दल उघड बोलावे हा तिचा हेतू. साडी नेसून पळणाऱ्या बायाही तिच्यात असतात. शहरातल्या काही दौडींत रंगीत बनियन आणि कंपन्यांचे फलक फार, रुग्णापर्यंत पोचणारा पैसा थोडा, असेही घडते. म्हणून देणाऱ्याने विचारावे की माझे शंभर रुपये नेमके कुठे जाणार. विचारण्यात लाज कसली?

संशोधन म्हटले की आपल्याला वाटते, ते विलायतेतले काम. तसे नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत सव्वा लाखाहून अधिक बायांवर एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याची तपासणी ज्या गटातील बायांची आयुष्यात एकदाच केली गेली, त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. पाहा, शेतात राबणाऱ्या आपल्याच मराठी बायांनी हे ज्ञान जगाला दिले.

दुसरा अभ्यास टाटा रुग्णालयाचा, २०१५ सालचा, आणि खर्रा खाणाऱ्या आपल्या भागाने तर तो ध्यानात ठेवावाच. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतील गाठीही काढाव्यात, की पुढे गाठ दिसेल तेव्हा काढाव्यात, यावर सर्जन मंडळींत जुना वाद होता. पाचशे रुग्णांचा हिशेब मांडल्यावर दिसले की आधीच गाठी काढलेल्यांत तीन वर्षांनी शंभरातले ८० हयात होते. थांबलेल्यांत ६७ ते ६८. शंभरामागे बारा माणसे. बारा घरांचे कर्ते! असल्या अभ्यासांचा सारा पैसा दौडींतून येतो असे नाही. सरकार देते, मोठे दाते देतात, परदेशी संस्था देतात. पण लोकांच्या वर्गणीचा वाटाही याच कामी लागतो.

संशोधनाचे फळ पुढच्या पिढीला मिळते. आज ज्याच्या घरी खाट धरलेली आहे त्याचे काय? औषधोपचारासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा आधार तिच्यातून मिळतो. पण घर बुडते ते केवळ औषधाने नव्हे. रुग्णाबरोबर एक माणूस जातो, त्याची मजुरी बुडते. नागपूरला राहायचे, जेवायचे, दर तीन आठवड्यांनी पुन्हा जायचे. बांधी पडीक राहते, बैलजोडी विकली जाते. हा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर नसतो. गावची वर्गणी उपयोगी पडायची ती इथे.

या कामात आपला विदर्भ मागे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९६८ मध्ये कर्करोगानेच देह ठेवला. त्यांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय नागपुरात कॅन्सर रिलीफ सोसायटी चालवते. जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे मोठे रुग्णालय उभे आहे. मुंबईला जावेच लागले, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक थोड्या पैशांत राहतात. गाडगेबाबाही आपल्याच वऱ्हाडचे.

याच संदर्भात बारामतीच्या लताबाई करे आठवतात. साठी उलटलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या. आजारी पतीच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी त्या नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या दौडीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपटही आला. सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच. मला मात्र खंत वाटते ती वेगळी. त्या बाईला एकटीला धावावे लागले. सारे गाव तिच्यासाठी धावले असते तर?

सिहोऱ्यात हे करणे अवघड नाही. धान निघाल्यावर हात मोकळे होतात, मंडईचे दिवस येतात, कबड्डीचे सामने भरतात. कबड्डीला वर्गणी आपण देतोच, हजारोंची बक्षिसे लावतो. (मैदानाच्या कडेला खर्ऱ्याची पुडी घोटून घोटून विकली जाते, ते वेगळेच. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यांकडे पाहून ते खरे वाटत नाही.) त्याच दिवसांत एक सकाळ ठरवावी. सिहोऱ्याहून चांदपूरच्या मारुतीच्या दिशेने शाळेची मुले पळतील, बचत गटाच्या बाया चालतील, म्हातारे जमेल तितके येतील. माणशी दहा रुपये पुरेत. आणि हो, त्या दिवशी मैदानावर खर्रा नको.

त्याच सकाळी सरकारी दवाखान्यातील आरोग्य सेविकेला बोलावून तोंडाची तपासणी ठेवता येईल. तीन आठवडे न भरणारे तोंडातले फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरे न उघडणे, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, यांतले काहीही असेल तर रोवणीची वाट पाहू नये.

पैशाचे मात्र पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे. अर्धा गावातल्या रुग्णांच्या जाण्यायेण्याला आणि अर्धा एखाद्या नोंदलेल्या संस्थेला, किंवा सारा एकाच कामाला. गाव म्हणेल तसे. रक्कम कोणाच्या खिशात न ठेवता बँकेत ठेवावी, दोघांच्या सह्यांशिवाय निघू नये, देणाऱ्या प्रत्येकाला पावती मिळावी आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. रुग्णाला मदत देताना त्याचे नाव फलकावर लावू नये. रेल्वेच्या खर्चाचा भार गावावर फारसा पडणार नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रुग्णालयाच्या दाखल्यावर शयनयान डब्यात भाडे माफ असते आणि सोबतच्या माणसाला पाऊण सवलत मिळते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस तुमसर रोडला थांबते. दाखल्याचा छापील नमुना रुग्णालयात मागून घ्यावा आणि त्यावर डॉक्टरांची सही व शिक्का आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहून घ्यावे.