खांद्यातून हातात उतरणारी कळ

मंगळवार पेठेत कुणाचा खांदा धरला की पहिला सल्ला ठरलेला : तालमीत जाऊन चोळून घे. मुरगळलेले हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुटत आले आहेत, त्यामुळे या सल्ल्याला आम्ही हसत नाही. पण आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी डावा हात तीन दिवस चोळून घेतला आणि चौथ्या दिवशी जिना चढताना ते घामाने भिजून खाली बसले. ईसीजी काढल्यावर कळले, दुखणे हृदयाचे होते. काका वाचले, म्हणून हे लिहिताना हात कापत नाही.

हृदयाच्या आणि हाताच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच जागी शिरतात. त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि हृदयाची कळ खांद्यात, हातात, कधी जबड्यात जाणवते. ही कळ हात हलवून किंवा दाबून सहसा कमी-जास्त होत नाही. चालताना, चढ चढताना येते, थांबल्यावर उतरते. छाती दुखलीच पाहिजे असे नाही. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना नुसता दम लागतो, मळमळते, गार घाम सुटतो. अशा वेळी बाम शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. दसरा चौकाजवळचे सीपीआर आपल्यापासून लांब नाही. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधार मागाहून कुणीतरी घेऊन यावे, त्यासाठी रुग्णाला घरी थांबवू नये.

आता जास्त वेळा आढळणारे कारण : मान. मणक्यांमधली गादी सरकली किंवा झिजली की नस दबते आणि कळ विजेसारखी बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात. कोणत्या बोटाला मुंग्या येतात हे नीट सांगा. अंगठा की मधले बोट, यावरून कोणती नस दबली याचा डॉक्टरांना अंदाज येतो. हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते, हीही मानेचीच खूण. डोक्यावर ओझी वाहणारे, शिलाई मशीनवर दिवसभर मान घालून बसणाऱ्या आपल्या भगिनी यांना हा त्रास ओळखीचा असेल. बहुतेकांना काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. मात्र हातातून वस्तू गळू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अशी मान कुणाकडूनही 'कडकडून' मोडून घेऊ नका.

खुद्द खांद्याचेच दुखणे असेल तर ते बहुधा कोपराच्या वरच थांबते. केस विंचरता येत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशीनंतर खांदा हळूहळू आखडत जातो, साखर असलेल्यांमध्ये जास्तच. सुटायला वर्ष-दोन वर्षे लागतात, पण व्यायाम सोडला की आणखी आखडतो. खांद्यात इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर साखर आहे हे आधी सांगा. त्याने ती काही दिवस चढते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. खांद्यापासून करंगळीकडे उतरणारी, रात्रीही न थांबणारी कळ, सोबत वजन घटणे किंवा एक पापणी खाली पडणे, हे फुप्फुसाच्या टोकाला झालेल्या गाठीचे लक्षण असू शकते. छातीचा एक्स-रे काढून घ्या.

केसपेपर काढल्यावर डॉक्टरांना नुसते 'हात दुखतोय' म्हणू नका. कधीपासून, कुठपर्यंत, कशाने वाढते, साखर आहे का, विडी आहे का, हे सगळे सांगा. घाईत विसरत असाल तर शाळेतल्या पोराकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.