धुराचा हिशेब

माघ सरत आला की तिवसा तालुक्यातील वावरे एकाएकी उघडी दिसू लागतात. शेवटची वेचणी आटोपलेली असते, कापूस जिनिंगवर पोहोचलेला असतो आणि शेतात उरते ती केवळ पऱ्हाटी. ती उपटून धुऱ्यावर रचली जाते. थोडी चुलीसाठी घरी येते. बरीचशी जागच्या जागी पेटवून दिली जाते. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा प्रवासी सायंकाळी मोझरी ओलांडून तिवसा गाठतो, तेव्हा त्याला एकाच वेळी तीन धूर भेटतात. शेतातील पऱ्हाटीचा, घराघरांतील चुलींचा आणि पुढे घाट नसतानाही काळे झोत सोडत जाणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकचा.

हे तीन धूर दिसायला निराळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. इंधन पूर्ण जळले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ज्वलनशास्त्राचे संशोधक, स्वच्छ वाहने घडविणारे अभियंते आणि फुप्फुसांचे वैद्य हे तिन्ही वर्ग गेली चाळीस-पन्नास वर्षे या एकाच अपूर्णतेशी झुंजत आहेत, आणि त्यांतील काही मोलाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे.

व्यापारी माणसाला हे गणित समजण्यास अवघड नाही. एक किलो कर्ब पूर्ण जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तर सुमारे 7,800 किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच कर्ब अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवर थांबला, तर मिळतात जेमतेम 2,200. म्हणजे रुपयाच्या मालातून अठ्ठावीस पैसे वसूल झाले आणि उरलेले बहात्तर धुराड्यातून निघून गेले. निघून जाताना ते विष होऊन गेले, हे आणखी वेगळे. बँकेच्या भाषेत यास बुडीत कर्ज म्हणता येईल. फरक इतकाच की या कर्जाची वसुली शेवटी स्वयंपाकघरातील स्त्रीच्या फुप्फुसांतून होते.

पूर्ण ज्वलनासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे तापमान, पुरेसा वेळ आणि हवेशी नीट मिसळण. लाकूड तापले की प्रथम त्यातून वायू निघतात. जी ज्योत आपण पाहतो ती त्या वायूंची असते. तीन दगडांच्या चुलीत या वायूंना थंड हवेचा झोत लागतो, ते भांड्याच्या गार बुडाशी आपटतात आणि जळण्यापूर्वीच विझतात. काजळी म्हणतात ती हीच. अशा चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो. पऱ्हाटी ओली असेल तर त्याहूनही कमी, कारण आधी तिच्यातील पाणी उकळवण्यातच उष्णता खर्ची पडते.

1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. चुली लाखोंनी वाटल्या गेल्या आणि लाखोंनी मोडल्याही. कुठे धुराडे तुंबले, कुठे चुलीचे तोंड घरच्या भांड्याशी जुळले नाही. वाटपाची आकडेवारी उत्तम आणि वापराची निराशाजनक, असा अनुभव सरकारी कर्जयोजनांतही वारंवार येतो. मात्र या प्रश्नाचा पाठपुरावा सोडून न देणारी काही माणसे पुण्यात होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली ‘आरती’ या संक्षेपाने ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभारली. उसाचे पाचट शेतात जाळले जाते हे पाहून त्यांनी ते बंद भट्टीत भाजून त्याचा कोळसा करण्याची सुटसुटीत पद्धत बसवली आणि त्या कोळशाच्या कांड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर पुढे आणला. सुमारे शंभर ग्रॅम कोळशात एका कुटुंबाचा वरण-भात-भाजीचा स्वयंपाक, तोही धुराविना! 2002 मध्ये या कामास ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार लाभला आणि 2006 मध्ये खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी तो पुन्हा मिळाला. त्यांच्या कन्या, भौतिकशास्त्रज्ञ डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनीही चुलींच्या संशोधनाचा हा धागा पुढे नेला.

दुसरे नाव फलटणचे. जैन वाचकांना फलटण तेथील प्राचीन मंदिरांमुळे परिचित आहे. पण त्याच गावी 1968 साली बी. व्ही. निंबकर यांनी स्थापन केलेली कृषी संशोधन संस्था आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले अनिल राजवंशी 1981 साली अमेरिकेतून थेट या तालुक्याच्या गावी आले आणि तेथेच राहिले. त्यांच्या कामाचा आवाका पाहिला म्हणजे मन थक्क होते. उसाचा पाला व चिपाड यांपासून जळाऊ वायू, गोड ज्वारीच्या धाटांपासून इथेनॉल, आणि त्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह. या स्टोव्हची खुबी अशी की त्यात निम्मे पाणी मिसळलेले इथेनॉल वापरता येते. सांडले तरी ते सहजी भडकत नाही. रॉकेलच्या स्टोव्हने भाजलेल्या सुनांच्या बातम्या ज्या पिढीने वाचल्या, तिला याचे मोल समजावे. परंतु इथेनॉल म्हणजे मद्यार्क, आणि मद्यार्क म्हटला की अबकारी खात्याचे नियम आले. स्टोव्ह तयार झाला तरी त्याचे इंधन किराणा दुकानातून विकण्याची वाट मोकळी झाली नाही. 2022 साली राजवंशी यांना पद्मश्री मिळाली.

आता वैद्यकाकडे वळू. धुराने खोकला येतो हे कोणाला सांगावे लागत नाही; पण किती धूर आणि किती आजार, याचे मोजमाप कोणी केले नव्हते. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावर लहान उपकरणे लावून त्यांच्या श्वासात किती धूलिकण जातात हे मोजले. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश वैद्य पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो लेख लिहिला, त्याने एक जुनी समजूत हलवली. श्वासनलिका कायमच्या आकसून जाण्याचा विकार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच मानला जाई. साळवी आणि बार्न्स यांनी दाखवून दिले की तंबाखू ओढणारे जगात सुमारे एक अब्ज, तर लाकूड-गोवरीच्या धुरात जगणारे सुमारे तीन अब्ज आहेत. म्हणून हा रोग कधीही विडी न ओढलेल्यांतही शोधला पाहिजे.

या विकाराची तपासणी साधी आहे. एका नळीत छातीतील सारा श्वास जोराने सोडावयाचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली यावरून निदान होते. जिने चाळीस वर्षे फुंकणीने चूल पेटवली, तिला आयुष्याच्या उत्तरार्धात वैद्य पुन्हा फुंकावयास सांगतो. पुष्कळ घरांत या बाईला ‘जुना दमा आहे’ एवढे म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः दम्याचा आणि या विकाराचा औषधोपचार सर्वस्वी एकच नव्हे.

1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघर गेले, हे खरेच. तथापि पऱ्हाटी फुकट आणि दुसरे सिलिंडर विकत, या तुलनेत चूल हरलेली नाही. शहरातील सुखवस्तू घरांनीही स्वतःस या प्रश्नाबाहेरचे समजू नये. डास मारण्याची एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म धूलिकण सोडते, ते वजनाने 75 ते 137 सिगारेटींच्या कणांएवढे भरतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. बंद शटरच्या दुकानाच्या माळ्यावर झोपणाऱ्या नोकराच्या उशाशी ती रात्रभर जळत असते. अहिंसेचा विचार डासापर्यंत नेणाऱ्या घरांनी तो त्या नोकरापर्यंतही न्यावा.

तिसरा धूर महामार्गावरचा. डिझेल इंजिनाची अडचण मोठी विलक्षण आहे. दाबलेल्या तप्त हवेत डिझेलचा फवारा उडतो. फवाऱ्याच्या गाभ्यात हवा कमी पडते म्हणून काजळी होते, आणि कडेला तापमान फार चढते म्हणून हवेतीलच नायट्रोजन जळून त्याचे विषारी ऑक्साइड होतात. काजळी कमी करावी तर ऑक्साइड वाढतात, ऑक्साइड कमी करावे तर काजळी. जगभरातील ज्वलन-अभियंत्यांची उभी हयात या पेचात गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर मनुष्याला कर्करोगकारक असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले. भारताने 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 वरून एकदम बीएस-6 वर उडी घेतली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आले. नव्या ट्रकमध्ये काजळी गाळणी अडवते आणि यूरियाच्या द्रावणाने नायट्रोजनच्या ऑक्साइडचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी होते. या मानकांनुसार वाहने तपासणारी मोठी संस्था, ‘एआरएआय’, पुण्यातच 1966 पासून आहे.

येथे ज्या घरांचे स्वतःचे ट्रक आहेत त्यांच्यासाठी एक स्पष्ट गोष्ट नोंदवणे भाग आहे. यूरियाचा खर्च वाचवण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला फसवणारे छोटे यंत्र बसवून देणारे, किंवा तुंबलेली गाळणी आतून पोकळ करून देणारे कारागीर बाजारात भेटतात. पीयूसीचे प्रमाणपत्र त्यानंतरही मिळून जाते. वहीत ही बचत दिसते. पण ती खोटी नोंद आहे.

ज्वलनच नको, असा मार्गही खुला झाला आहे, आणि त्यातही फलटण आघाडीवर होते. रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या श्रमांनी अस्वस्थ होऊन राजवंशी यांच्या चमूने 1990 च्या दशकात मोटर बसवलेली सायकल-रिक्षा आणि पुढे पूर्ण विजेवर चालणारी रिक्षा तयार केली. आपल्या रस्त्यांवर ई-रिक्षा दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कायद्याने ई-रिक्षांना स्थान दिले ते 2015 च्या दुरुस्तीने, तोवर बाजारात बाहेरून आणलेल्या सुट्या भागांच्या रिक्षांचा सुळसुळाट झाला होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी मोटार 2020 मध्ये आणि बस 2022 मध्ये चालवून दाखवली. तिच्या नळीतून केवळ पाण्याची वाफ बाहेर पडते.

पण तिवशाच्या पऱ्हाटीचे काय? हाच प्रश्न व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळचा आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते आणि वाळल्यावर तिच्या किलोमागे सुमारे 4000 किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण दगडी कोळशाच्या तोडीची. राख मात्र कोळशाच्या मानाने फारच थोडी. कापूस तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांड्या आणि पेलेट बनवण्याचे प्रयोग यशस्वी केले असून तिचे एक केंद्र नागपुरात आहे. दाबून केलेल्या या कांड्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, आणि दालमिल, तेलगिरणी यांच्या बॉयलरमध्ये त्या चालतात. ऑक्टोबर 2021 च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीज केंद्रांनाही कोळशाबरोबर काही टक्के असे पेलेट जाळण्यास सांगितले आहे. याच महामार्गावर नांदगाव पेठेस 1350 मेगावॉटचे केंद्र उभे आहे.

यावर एक शंका श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक होय. उपासकदशांगात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडण्याचा व्यवसाय, वर्ज्य मानला आहे. त्याच यादीत दवाग्निदापन, म्हणजे रान व शेत पेटवून देणे, हेही आहे. पांढरा कोळसा केवळ दाबून होतो, भट्टीत भाजून नव्हे. पुढे तो जळतो हे खरे, परंतु न उचलली तर तीच पऱ्हाटी धुऱ्यावर, मातीतील असंख्य जीवांसह जळणार असते. व्रताचा अंतिम निर्णय ज्याने त्याने गुरुमुखातून घ्यावा.

व्यवहारातील खरी अडचण वेगळीच आहे. पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली भरलेली दिसते आणि काट्यावर वजन भरत नाही. म्हणून ती शेतातच यंत्राने बारीक करून घ्यावी लागते. शिवाय ती साठवून ठेवणेही बरे नव्हे, कारण न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर पडते. 2017 सालचा तिचा घाला विदर्भ विसरलेला नाही. शेतकरी पऱ्हाटी पेटवतो त्यामागे हेही एक रास्त कारण आहे. बारीक तुकडे केले की अळीही मरते आणि वाहतुकीचा खर्चही उतरतो. पण हे यंत्र एकट्या लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. ते भाड्याने फिरवणारा, वजन करून जागेवर पैसे देणारा कोणीतरी लागतो. आणि त्याने यावे लागते ते वेचणी संपल्यापासून उन्हाळी नांगरटीपर्यंतच्या मोजक्या आठवड्यांत. त्यानंतर वावर मोकळे करण्याची घाई असते आणि काडेपेटी प्रत्येकाच्या खिशात असते.