समुद्रात टांगलेली पट्टी

बंदराच्या धक्क्याखाली दोरीने सोडलेली वीतभर पट्टी, एवढंच या विद्येचं मुख्य यंत्र. कधी पीव्हीसीची, कधी काचेची, कधी नवा रंग दिलेल्या पोलादाची. बुडालेल्या पृष्ठभागावर समुद्रात काय उगवतं आणि किती, हे तिच्यावर मोजतात.

पाण्यात गेल्यावर काही तासांतच जिवाणू बसतात, मागोमाग डायटम ही सूक्ष्म शेवाळं. बुळबुळीत थर धरतो. मग बार्नेकल हे चिकटून राहणारे कवचधारी जीव, चुन्याच्या नळ्यांत राहणारे कृमी, शेवाळ, कालवं.

पट्टी वर काढली की पहिला मोह होतो तो वजन करण्याचा. ओलं वजन, मग सुकवून, मग भट्टीत जाळून उरलेल्या राखेचं. सुक्या वजनातून राख वजा केली की कवचं सोडून जिवाचा ऐवज किती ते कळतं. पण वजन फसवं असतं. बुळबुळीची पट्टी तराजूवर जवळपास कोरीच ठरते, जहाजाला मात्र ती बुळबुळ भोवते. संशोधक मायकेल शुल्त्झ यांनी 2007 मध्ये एका अमेरिकी फ्रिगेट युद्धनौकेचा हिशेब मांडला. 15 नॉट वेग राखायला हलक्या बुळबुळीमुळे सुमारे 11 टक्के जास्त शक्ती लागते, दाट कवचांमुळे 86 टक्के.

म्हणून जाणकार आधी व्याप्ती पाहतात. पट्टीवर पारदर्शक जाळी ठेवायची आणि प्रत्येक छेदबिंदूखाली काय आहे ते लिहायचं. कडेचा भाग सोडायचा, कारण तिथली वाढ मधल्यासारखी नसते. काम कंटाळवाणं आहे, पण खरी विद्या इथेच. काचेच्या पट्टीचा एक फायदा असा की उलट्या बाजूने बार्नेकलचा तळ दिसतो; तो न खरवडता आठवड्याला किती वाढला ते मोजता येतं.

महिनाही महत्त्वाचा. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या दारातल्या जुवारीच्या मुखाशी पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी उतरतं, खारटपणा कोसळतो. त्यामुळे जूनमध्ये सोडलेली पट्टी आणि नोव्हेंबरमधली पट्टी यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

जहाजाच्या तळावर अशी वाढ होऊ नये म्हणून लावल्या जाणाऱ्या, कथिलाची संयुगं असलेल्या विषारी रंगांवरची आंतरराष्ट्रीय बंदी 2008 मध्ये लागू झाली, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या रंगांना पुन्हा याच पट्टीवर उतरावं लागलं. होडीसाठी असा रंग घेणार असाल, तर विक्रेत्याला एवढं विचारा: पट्टी कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात आणि किती दिवस टांगली होती?