विश्लेषण : घोडा पाळता येतो, मग साप का नाही? सर्पदंशावरील औषधासाठी दोघेही का लागतात?

पावसाळा सुरू झाला की भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमध्ये रोवणीची लगबग सुरू होते. गुडघाभर चिखल, धुऱ्यांवर वाढलेले गवत, बिळांत शिरलेले पाणी आणि त्यामुळे बाहेर पडलेले साप, असा हा काळ. याच दिवसांत साप पकडल्याचे, गळ्यात घातल्याचे, बरणीत ठेवल्याचे व्हिडिओही मोबाइलवर फिरू लागतात. घोडा, बैल, कुत्रा पाळता येतो, मग साप पाळला तर बिघडले कुठे, हा प्रश्न त्याखाली हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कायद्यात आहे. मात्र घोडा आणि साप हे दोन्ही प्राणी एकाच कामासाठी, रीतसर परवानगीने सांभाळले जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. सर्पदंशाच्या रुग्णाला शिरेतून दिले जाणारे औषध या दोघांशिवाय आजही तयार होत नाही.

साप पाळणे गुन्हा का आहे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी साप हे वन्यप्राणी आहेत. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणे एवढाच नाही. प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, हेही शिकारीतच मोडते. त्यामुळे साप पकडून घरी डब्यात ठेवला, तर तो जिवंत आणि धडधाकट असला तरी गुन्हा घडलेला असतो. ‘मी त्याला रोज खाऊ घालतो’ हा बचाव चालत नाही.

या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर नाग, घोणस, धामण आणि अजगर हे सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षे ते कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शेतात उंदरांचा फडशा पाडणारी बिनविषारी धामणही यात येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्पमित्रांनाही सूट नाही. पकडलेल्या सापाची वन विभागाला माहिती देऊन त्याला योग्य अधिवासात सोडणे अपेक्षित असते. तो संग्रही ठेवता येत नाही.

परदेशी सापांचे काय?

शहरांमध्ये ‘बॉल पायथन’सारखे आफ्रिकी साप पाळण्याचा शौक वाढला आहे. हा साप ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि त्या यादीतील प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत. अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. केवळ मालकाची नोंद पुरत नाही. प्राण्याला पिल्ले झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी तशी नोंद करावी लागते. थोडक्यात, नोंदणी नसलेला परदेशी साप समाजमाध्यमावरून विकत घेणे म्हणजे अडचण विकत घेणे होय.

घोडा पाळायला परवानगी लागते का?

घोडा हा पाळीव प्राणी आहे. त्यामुळे वन्यजीव कायदा त्याला लागू होत नाही. मात्र जबाबदारी कमी होत नाही. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते आणि साधारणपणे एका वेळी एकच शिंगरू देते. चारा, खुरांची निगा, नालबंदी, धनुर्वाताची लस असा खर्च वर्षभर चालूच असतो. वरातीपुरता घोडा ठेवणाऱ्याला तो लग्नसराई संपल्यावरही पोसावा लागतो.

घोड्यांमधील ‘ग्लँडर्स’ हा जीवाणूजन्य आजार माणसालाही होऊ शकतो. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार त्याची माहिती देणे सक्तीचे आहे आणि बाधित घोड्याला दयामरण दिले जाते. त्यामुळे सारंगखेडा किंवा माळेगावच्या बाजारातून घोडा आणताना त्याची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारणे शहाणपणाचे. देशात घोड्यांची संख्या वेगाने घटते आहे. २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती, २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली.

साप आणि घोडा एकत्र कुठे येतात?

मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव देण्यात आले. पुढे औषधनिर्मितीसाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ वेगळे झाले. परळला साप आणि पिंपरीला घोडे, अशी ही महाराष्ट्रातील जोडगोळी आहे. सापाकडून विष घ्यायचे, ते घोड्याला सोसेल इतक्या अल्प मात्रेत द्यायचे आणि घोड्याच्या शरीरात त्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड काढून घ्यायचे, हे त्यामागचे तत्त्व.

कायद्यातही यासाठी वाट ठेवली आहे. जीवरक्षक औषधासाठी सर्पविष गोळा करायचे असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम १२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. मात्र पहिल्या अनुसूचीतील सापांसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. साप ठेवण्याचा अधिकार हौसेला नाही, पण औषधाला आहे.

विषापासून कुपीपर्यंतचा प्रवास कसा होतो?

• विष काढणे : सापाला भांड्यावर ताणलेल्या पडद्याला दंश करायला लावतात. मिळालेले विष थंड तापमानात निर्जल करून त्याची पूड साठवली जाते.

• घोड्याला मात्रा : अतिशय विरळ केलेले विष काही आठवडे ते महिने टप्प्याटप्प्याने, वाढत्या प्रमाणात त्वचेखाली टोचतात. घोड्याची प्रतिकारशक्ती विषाला ओळखून प्रतिपिंड तयार करते.

• रक्त घेणे : मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात. तांबड्या पेशी पुन्हा त्याच घोड्याला परत देता येतात.

• शुद्धीकरण : ‘पेप्सिन’ या पाचक विकराने प्रतिपिंडाचा अनावश्यक भाग तोडतात. उरलेला उपयुक्त भाग शुद्ध करून, गोठवून वाळवतात आणि कुपीत भरतात.

या औषधाला अनेक जण ‘सापाची लस’ म्हणतात. ते अचूक नाही. लस शरीराला स्वतः प्रतिपिंड बनवायला शिकवते, तर प्रतिविषात घोड्याने बनवलेले प्रतिपिंड आयते मिळतात. म्हणूनच एकदा प्रतिविष घेतले म्हणून पुढच्या दंशापासून संरक्षण मिळत नाही.

त्यासाठी घोडाच का?

मोठे शरीर, भरपूर रक्त, माणसाळलेला स्वभाव आणि दीर्घ अनुभव, ही त्याची कारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किलोमागे १३ ते १५ मिलिलिटर रक्त घेता येते. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याकडून सुमारे सव्वापाच ते सहा लिटर. पण घोडा अशक्त असेल किंवा आजारी असेल, तर रक्तद्रवाचा दर्जाही घसरतो. त्यामुळे विलगीकरण, ग्लँडर्सची तपासणी, लसीकरण, इंजेक्शनच्या जागी गळू होऊ नये याची दक्षता आणि दोन रक्तदानांमध्ये पुरेशी विश्रांती हा औषधाच्या दर्जाचाच भाग ठरतो. घोड्याची आबाळ झाली, तर नुकसान फक्त घोड्याचे होत नाही.

सापांचे प्रजनन करून विष का घेत नाहीत?

काही देशांत ते होते. थायलंडमध्ये बँकॉक येथील क्वीन साओवाभा संस्थेचे सर्पालय १९२३ पासून आहे. ब्राझीलमधील साओ पावलोची बुटांटन संस्था साप आणि घोडे दोन्ही सांभाळते. बंदिस्त जागेत जन्मलेल्या सापाचे वय, मूळ ठिकाण आणि आरोग्य माहीत असते, त्यामुळे विषाचा दर्जा एकसारखा राखता येतो.

पण हे काम घरगुती हौसेचे नाही. नाग आणि मण्यार अंडी घालतात, तर घोणस आणि फुरसे थेट पिल्लांना जन्म देतात. मण्यार इतर साप खाते, त्यामुळे तिचे खाद्य पुरवणेच जिकिरीचे. शिवाय पिल्लाचे विष जन्मापासूनच घातक असते.

भारतात मुख्य आधार आहे तो तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेचा. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ती सुरू झाली. परवान्याने ठरलेल्या संख्येतच साप पकडायचे, काही आठवडे मातीच्या मडक्यात ठेवून ठरावीक वेळा विष काढायचे, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि पुन्हा निसर्गात सोडायचे, अशी ही पद्धत. खुणेमुळे तोच साप लगेच पुन्हा पकडला गेला तर ओळखू येतो. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली.

एका रुग्णाला १० कुप्या का लागतात?

हिशेब सोपा आहे. भारतीय प्रतिविष चार सापांवर चालते : नाग, मण्यार, घोणस (पूर्व विदर्भातील ‘परड’) आणि फुरसे. १० मिलिलिटरची एक कुपी नाग किंवा घोणसाचे सुमारे ६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरशाचे सुमारे साडेचार मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. ६३ ला ६ ने भागले की उत्तर १० च्या आसपास येते. म्हणून विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या दिल्या जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही.

तमिळनाडूचे विष भंडाऱ्यात चालते का?

खरा पेच इथे आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने केलेल्या अभ्यासांतून हा फरक आणि त्यामुळे काही भागांतील विषावर प्रतिविषाचा कमी पडणारा प्रभाव समोर आला आहे. देशातील बहुतेक प्रतिविष दक्षिणेतल्या सापांच्या विषापासून बनते. त्यामुळे साकोली किंवा पवनीच्या बांधीत चावलेल्या सापावर ते काम करते, पण तिथल्याच सापाचे विष वापरले असते तर ते अधिक नेमके ठरू शकले असते. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांत परवानाधारक सर्पालये आणि प्रादेशिक विष संकलन. मार्च २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या सर्पदंश कृती आराखड्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे.

घोड्याशिवाय प्रतिविष बनवण्याचेही प्रयत्न सुरू आहेत. २०२४ मध्ये भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी नागवर्गीय सापांच्या एका प्रमुख विषघटकावर चालणारा कृत्रिम मानवी प्रतिपिंड तयार केल्याचे जाहीर केले. मात्र तो रुग्णालयापर्यंत पोहोचेपर्यंत घोड्याला पर्याय नाही.

मग मृत्यू एवढे का होतात?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातील जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये आणि तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर झाले. म्हणजे कुपी होती, पण रुग्ण तिच्यापर्यंत पोहोचला नाही. मांत्रिकाकडे, झाडपाल्यात किंवा साप शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

साप चावल्यास काय कराल?

• रुग्णाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात-पाय लाकडी पट्टीने आधार देऊन स्थिर ठेवा. अंगठी, कडे, जोडवी काढा.

• दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका.

• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. तिथे प्रतिविष मोफत मिळते.

• जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला पहाटे पोटदुखी, गिळायला त्रास किंवा पापण्या जड होणे जाणवले, तर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यारीचा संशय घ्या.

• साप मारून किंवा पकडून आणू नका. शक्य असल्यास दुरून छायाचित्र घ्या.

• रोवणीला उंच गमबूट, रात्री बॅटरी, झोपताना खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी वापरा.

घरात साप निघाला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.