जिंकला, आणि गाव सुटलं!

आधीच सांगतो, या लेखात शेवट फोडलाय. ‘इनहेरिटन्स’ वाचायचं राहिलं असेल तर पान उलटा, पुस्तक संपवा, मग या.

तर, ख्रिस्तोफर पाओलिनी. अमेरिकेतल्या मोंटानाचा, घरीच शिकलेला मुलगा. पंधराव्या वर्षी त्याने ‘एरागॉन’ लिहायला घेतलं. २००२मध्ये घरच्यांनीच ते छापलं, २००३मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचललं आणि पठ्ठ्या एकदम स्टार! गोष्ट साधी. मामाच्या शेतावर वाढलेल्या पोराला जंगलात निळा दगड सापडतो. तो निघतो ड्रॅगनचं अंडं.

आता माझं बघा. मीही मामाकडेच वाढलो, यवतमाळला. एरागॉनला मामेभाऊ रोरन, तर मला बंटी. फक्त अंडं तेवढं सापडायचं राहिलं होतं! बंटीचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे मी वाचायचो आणि लगेच वऱ्हाडीत सांगायचो. आमची ड्रॅगन सफिरा म्हणायची, “काऊन भेतं बे, मी आहो ना!” २००५चं ‘एल्डेस्ट’, २००८चं ‘ब्रिसिंगर’, सगळं असंच संपलं. खरं तर तिसऱ्या पुस्तकातच मालिका संपायची होती, पण गोष्ट मावेना म्हणून चौथं आलं. शेवटचंही सोबतच वाचायचं, असं आमचं ठरलं.

पण तोवर मला पुण्यात नोकरी लागली होती. पुस्तक आलं ८ नोव्हेंबर २०११ला. दिवाळी नुकतीच झालेली, रजा संपलेल्या. मला राहवेना. तीन रात्रींत आठशेच्या वर पानं फस्त केली, एकट्यानेच. बंटीचा फोन आला तेव्हा बिनधास्त ठोकून दिलं, “अजून उघडलं नाही रे!”

शेवट मात्र छातीत रुतला होता. एरागॉन दुष्ट राजा गॅल्बटोरिक्सला तलवारीच्या जोरावर नाही हरवत. त्याने लोकांना दिलेलं दुःख त्यालाच जाणवेल, असा मंत्र घालतो. राजा संपतो, पण विजयी वीर घरी परतत नाही. उरलेली ड्रॅगनची अंडी सुरक्षित वाढवायची, तर माणसांपासून लांब जागा हवी. म्हणून तो देशच सोडतो. रोरन मागे राहतो, जळालेलं गाव पुन्हा उभं करायला. त्याच्याकडे ना जादू ना ड्रॅगन, नुसता हातोडा.

संक्रांतीला घरी गेलो. कापूस वेचणीचे दिवस. संध्याकाळी बंटी शेतातून आला की वाचन सुरू. दोघा भावांच्या निरोपाचं पान आलं आणि माझा आवाजच बसला.

बंटी हसला. “तुले आधीच माहीत होतं ना बे?”

मी गप्प.

“जाऊ दे ना त्याले,” तो म्हणाला, “रोरन हाये ना घरी.”

या शेवटावर बरेच वाचक रुसले. एवढं जिंकून गाव सोडायचं? पण पाओलिनीने फसवलेलं नाही. हा कायमचा जाणार, हे भविष्य पहिल्या पुस्तकातच अँजेला सांगते. आपल्यालाही दहावीचा निकाल लागल्या दिवसापासून लोक सांगतातच की, “तू बाहेर जाशील!” रोरनला मात्र कोणी भविष्य सांगत नाही. त्याने राहायचं, हे सगळे धरूनच चालतात. मीही धरलं होतं. ‘तुला काय करायचंय रे?’ हे बंटीला मी तोवर कधी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री विचारलं. बोलता बोलता पहाट झाली.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्याच दुनियेतलं ‘मर्टाग’ आलं. या वेळी ऑर्डर करताना पत्ता यवतमाळचा टाकला. आठवड्याने फोन वाजला.

“पार्सल आलं बे. फोडलं नाही. कधी येतं?”

रजेचा अर्ज त्याच दुपारी टाकला.