वीस पावलांत दहा लाख ओळी

समजा, अहमदपूरच्या मोंढ्यात आडत दुकानाचा मुनीम संगणकावर एक्सेलमध्ये नुसतं ‘तूर’ लिहितो आणि शेजारच्या घरात ७५५० उमटतं: २०२४-२५चा तुरीचा हमीभाव. ‘सोयाबीन’ लिहिलं की ४८९२. हे करणारं सूत्र एका ओळीचं आहे:

=व्हीलुकअप(बी२, एफ२:जी५, २, ०)

बी२मधलं पीक एफ२ ते जी५ या चौकोनाच्या पहिल्या रकान्यात शोध, सापडलं की त्याच ओळीतला दुसऱ्या रकान्यातला भाव आण. शेवटचं शून्य म्हणजे नाव तंतोतंत जुळायला हवं. शेकडो घरांचा चौकोन असला, तरी त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे सांगितले की पुरे.

आता हे सूत्र खाली ओढा. बी२चं बी३ झालं, ते हवंच होतं. पण भावाची यादीही एक घर सरकून एफ३:जी६ झाली. यादीत सोयाबीन अगदी वर, एफ२मध्ये होतं. ते चौकोनाबाहेर राहिलं, आणि पुढच्या सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, भावाऐवजी ‘एन/ए’ येतं. उपाय म्हणजे डॉलरची खूण: $एफ$२:$जी$५. मग सूत्र कुठंही न्या, यादी हलत नाही.

मला सगळ्यात थक्क करतो तो शेवटचा आकडा. शून्याऐवजी १ लिहिलं की शोधायची तऱ्हाच बदलते. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. त्या सगळ्या पट्टी क्रमांकांनी भरल्यात आणि क्रमांक चढत्या क्रमानं लावलेत असं धरा. संगणक थेट मधल्या ओळीवर जातो. हवा तो क्रमांक त्याहून मोठा? मग वरचा अर्धा भाग बाद, उरल्या ५,२४,२८८. पुन्हा मध्य, पुन्हा निम्म्या बाद. २,६२,१४४. १,३१,०७२. असं वीस वेळा केलं की एकच ओळ उरते! शब्दकोश मधोमध उघडून आपणही असंच पुढं-मागं जातो. ओळी दुप्पट केल्या तरी पाऊल एकच वाढतं.

मात्र क्रम विस्कटलेला असेल, तर हीच रीत चुकीचा भाव बिनबोभाट आणून ठेवते. त्यात हा चौथा आकडा लिहिलाच नाही तर एक्सेल १च धरतं, म्हणून शून्य आठवणीनं लिहावं.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसिकॅल्कमध्येही यादीत शोधणारं सूत्र होतं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सलुकअप आणलं. त्यात काही न सांगता तंतोतंत शोध होतो, आणि उत्तराचा रकाना डावीकडे असला तरी चालतो.

नावाचा अर्थ मात्र व्हीलुकअप आणि एक्सलुकअप या दोघांनाही कळत नाही. एका यादीत ‘अहमदपूर’ आणि दुसरीत ‘अहमदपुर’ असेल, तर संगणकाला ती दोन गावं वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ उकारांचे सांकेतिक क्रमांकच वेगळे असतात. नावामागं चुकून एक मोकळी जागा पडली, तरी जुळणी फसते. म्हणून तालुक्यातल्या गावांची यादी करताना किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद या नावांशेजारी प्रत्येक गावाचा जनगणनेतला क्रमांकही लिहावा, आणि शोध त्या क्रमांकावरून घ्यावा.