कालक्षेत्र संक्रमण, ईथरनेट जोडणीतील
एका कालस्पंदावर चालणाऱ्या मंडलातील माहिती दुसऱ्या स्वतंत्र कालस्पंदावर चालणाऱ्या मंडलात अचूकपणे नेण्याच्या क्रियेला कालक्षेत्र संक्रमण म्हणतात. एकाच कालस्पंदाने नियंत्रित होणाऱ्या घटकांचा गट म्हणजे कालक्षेत्र होय. एफपीजीए या तर्कमंडलाला (ज्याची अंतर्गत जोडणी वापरणाऱ्याला ठरविता येते अशा चिपला) ईथरनेट जाळे जोडताना ही क्रिया सहसा टाळता येत नाही.

या जोडणीत तारेवरील विद्युत् संकेत हाताळणारी ‘फाय’ ही चिप आणि माहितीच्या चौकटींची बांधणी व तपासणी करणारे ‘मॅक’ मंडल असे दोन भाग असतात. मॅक मंडल एफपीजीएमध्ये रचता येते. सेकंदाला १०० मेगॅबिट वेगाच्या एमआयआय जोडणीत ४ बिट २५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेने, तर १,००० मेगॅबिट वेगाच्या जीएमआयआय जोडणीत ८ बिट १२५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेने पाठविले जातात.

ग्रहणाचा कालस्पंद सामान्यतः दूरच्या प्रेषकाच्या संकेतातून मिळविलेला असतो. प्रेषणाचा स्थानिक स्फटिकापासून मिळतो. प्रत्येकास दशलक्षात १०० इतकी चूक मान्य असल्याने १२५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या दोन कालस्पंदांत सेकंदाला २५,००० स्पंदांपर्यंत फरक पडू शकतो.

माहिती बदलत असतानाच फ्लिप-फ्लॉपने ती टिपल्यास त्याचे प्रदान ० व १ यांच्यामध्ये काही काळ रेंगाळते. या अर्धस्थिर अवस्थेची प्रायोगिक प्रचीती टी. जे. चेनी व सी. ई. मोल्नार यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. ती पूर्णपणे टाळता येत नाही. मात्र प्रतीक्षेचा काळ वाढविल्यास तिची संभाव्यता घातांकी प्रमाणात घटते. म्हणून एका बिटासाठी दोन फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडतात.

अनेक बिटांच्या संख्येला हा उपाय पुरत नाही. उदा., ७ (०१११) चे ८ (१०००) होताना चारही बिट बदलतात व क्षणभर १५ (११११) अशी कधीच नसलेली संख्या वाचली जाऊ शकते. यासाठी ‘आधी आलेले आधी बाहेर’ या तत्त्वावरील द्विद्वारी स्मृती वापरतात व तिचे स्थानदर्शक अंक ग्रे संकेतात नेतात. त्यात लगतच्या दोन संख्यांत एकच बिट बदलत असल्याने वाचलेली संख्या जुनी किंवा नवी यांपैकी एकच असते.

असे दोष नेहमीच्या संगणकीय प्रतिरूपणात बहुधा दिसत नाहीत. प्रत्यक्ष यंत्रात ते क्वचित व अनियमितपणे उद्‌भवतात. चौकटीची तपासणी झाल्यानंतरच्या संक्रमणात दोष असल्यास चुकीची माहिती बरोबर समजून पुढे जाते. त्यामुळे प्रत्येक संक्रमणाची आराखड्यातच स्वतंत्र छाननी करणे आवश्यक ठरते.